वादाला हिट पॉइंट द्यावेत का?

प्रश्न असा आहे: फाइव्ह-ई मध्ये (म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत) शत्रूच्या सेनापतीला बोलून वेढा उठवायला लावायचा आहे. त्यासाठी लढाईचेच नियम घ्यायचे, फक्त हिट पॉइंटच्या (किती मार सोसता येतो त्या आकड्याच्या) जागी ‘संयम’, आर्मर क्लासच्या (वार लागायला जो आकडा गाठावा लागतो त्याच्या) जागी ‘निग्रह’ आणि तलवारीच्या जागी पर्स्वेजन, म्हणजे मन वळवण्याचं कौशल्य. चालेल का?

चालेल, पण दुसऱ्या फेरीतच निम्मं टेबल मोबाईल काढून बसेल. गणित करून बघा. पाचव्या लेव्हलचा बार्ड (शाहीर), करिझ्मा (छाप पाडण्याची ताकद) १८, पर्स्वेजनला एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य), म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर +१०. निग्रह १५ धरला तर त्याचा रोल ८० टक्के वेळा लागतो. करिझ्मा ८ वाल्या फायटरचा (लढवय्याचा) २५ टक्के. मग फायटर तोंड उघडेलच कशाला? लढाईत अशी दरी असली तरी खपते, कारण तिथे मैदान असतं. कुणी दार अडवतो, कुणी आडोसा धरतो, आधी कुणाला गाठायचं यावर खल होतो.

तेव्हा आधी वादाला मैदान द्या. तंबूत एकटा सेनापती नको. शेजारी खजिनदार आणि पुरोहितही बसवा. तिघांचा संयम वेगळा, काळजी वेगळी. पावसाळ्याआधी हा बुरुज पडत नाही, हे फायटरने खजिनदाराला सांगितलं तर तिथे करिझ्मा कशाला हवा? इंटेलिजन्सवर रोल घ्या, वर अॅडव्हान्टेज द्या (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा). खजिनदार फुटला की सेनापतीचा निग्रह दोनाने उतरवा.

दुसरं, ‘बर्निंग व्हील’ या अशाच दुसऱ्या खेळातला ‘ड्युएल ऑफ विट्स’ हा वादाच्या नियमांचा भाग वाचाच. त्यात दोन्ही बाजू पुढच्या तीन चाली लपवून लिहितात आणि एकेक उघडतात. समोरचा खंडन करणार असं वाटलं तर हुलकावणी लिहायची, कारण खंडन तिच्यापुढे लंगडं पडतं. पण मला सगळ्यात आवडतो तो तडजोडीचा नियम. सुरुवातीलाच दोघांनी आपापली मागणी स्पष्ट सांगायची. जिंकणाऱ्याचे वादात जितके गुण गेले असतील तितकी सूट त्याने हरणाऱ्याला द्यायची. वेढा उठतो, पण खंडणी भरावी लागते. किंवा राजपुत्र ओलीस जातो, आणि पुढचे चार सेशन तुम्हाला आयते मिळतात! नुसत्या हिट पॉइंटमधून हे कधीच निघत नाही.

‘फेट’ या आणखी एका खेळातूनही एक गोष्ट उचला: फासे पडायच्या आत माघार घेता येते. हार होते, पण वाईटात वाईट टळतं आणि वर एक फेट पॉइंट (पुढे खर्चता येणारा गुण) मिळतो. फाइव्ह-ई मध्ये त्याऐवजी इन्स्पिरेशन (पुढे एखाद्या रोलला वापरायचं बक्षीस) द्या.

एक भांडण मात्र आधीच मिटवून ठेवा. पात्र वादात हरलं म्हणजे त्याचं मत बदललं असं नाही. चारचौघांत दिलेला शब्द त्याने पाळायचा, मनात काय ठेवायचं ते खेळाडू ठरवेल. हे सांगितलं नाहीत तर ‘माझं पात्र असं कधीच मान्य करणार नाही’ यावर तासभर जातो.

आणि हे सगळं कॅम्पेनमधल्या (अनेक सेशन चालणाऱ्या कथेतल्या) मोजक्या, मोठ्या प्रसंगांसाठी. घोड्याच्या किमतीची घासाघीस एका रोलमध्ये उरका.