घरून काम २२ हजार, की बदलापूर ते बॅलार्ड इस्टेट रोजचा प्रवास, १७ हजार आणि ट्रेनिंग?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय २३, बी.कॉम., घर बदलापूरला. एक नोकरी घरून: ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं द्यायची, महिना २२ हजार, लॅपटॉप तुमचा. दुसरी बॅलार्ड इस्टेटला कस्टम्स क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या, एका फर्ममध्ये: पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून १७ हजार, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. आई म्हणते घरचं घे, जीव कशाला दमवतेस.

मी क्लिअरिंगच्याच लायनीत आहे. अंबरनाथहून बॅलार्ड इस्टेटला बरीच वर्षं रोज गेले, आता आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. माझं मत बॅलार्ड इस्टेटकडे झुकतं, पण एका अटीवर, आणि ती अट प्रवासाची नाही.

तरी प्रवासाचं आधी उरकते, कारण घरचे सगळे त्याच्यावरच बोलतात. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. ऐकूनच धडकी भरते, मान्य. पण लोकलमध्ये नुसतं अंतर बघून चालत नाही. गाडी कुठून सुटते आणि मध्ये किती वेळा बदलावी लागते, ते बघा. तुम्हाला बदलापूरहूनच सुटणारी गाडी मिळू शकते, संध्याकाळची गाडी सीएसएमटीहूनच सुटते आणि बॅलार्ड इस्टेट स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. शेअर रिक्षाची रांग नाही, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मकडे धावणं नाही. माझी एक मैत्रीण डोंबिवलीहून ऐरोलीला जाते. तिचं अंतर तुमच्या निम्म्याहूनही कमी असेल, पण तिची गाडी डोंबिवलीत येते तीच भरून, आणि ठाण्याला पुन्हा तेच. संध्याकाळी माझ्यापेक्षा तीच जास्त पिळून घरी येते. (बदलापूरला गाडी रिकामी मिळेल असंही समजू नका. अंबरनाथहून उलट्या बाजूने बसून, रिटर्न मारून येणाऱ्या बायका आधीच खिडक्या धरून बसलेल्या असतात. मी त्यांतलीच एक होते, आणि तुमच्या गावच्या बायकांची बोलणी मी भरपूर खाल्ली आहेत.)

घरापासून टेबलापर्यंत दोन तास धरा. जाऊन-येऊन चार. गाडीत अभ्यास करीन, पुस्तकं वाचीन असे बेत आत्ता करू नका. पहिले काही महिने तुम्ही झोपणार आहात, आणि झोपावंच. दारात उभं राहून जायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी गाडीतून पडून गेले, त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. आणि पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस तुमच्याच बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. गाड्या बंद पडल्या तर त्या दिवसाचा पगार कापतात का, हे फर्मला आत्ताच विचारून घ्या.

आता अट. मुलाखतीत तुम्हाला ‘वर्षभर ट्रेनिंग’ असं सांगितलंय. शिकवणारा माणूस कोण, आणि तो तुमच्यापासून किती फुटांवर बसतो, एवढं मला कळलं तर मी तुम्हाला छातीठोकपणे सांगेन.

का ते सांगते. समजा एका आयातदाराचं इनव्हॉइस आलं. वर्णनात एकच शब्द, केबल, आणि पुढे नग. नवीन मुलगी टॅरिफ, म्हणजे मालाचे कोड आणि शुल्क यांची यादी, उघडते, ८५४४ सापडतं, तिला वाटतं झालं काम. पण पुढे फाटे आहेत: घरगुती व्होल्टेजची केबल टोकाला कनेक्टर लावलेली असेल तर ८५४४४२, नसेल तर ८५४४४९. इनव्हॉइसवर यातलं काहीच नाही. शेजारच्या टेबलावरचे सर चेकलिस्टवरून (कस्टम्सला भरायच्या बिलाचा कच्चा मसुदा) मान वर न करता विचारतात, “टोकाला काय आहे?” मुलगी गप्प. “कॅटलॉग मागव. फोनवर नको, ईमेलवर मागव. उद्या त्यांनी शब्द फिरवला तर आपल्याकडे कागद पाहिजे.” दोन मिनिटांचं बोलणं, पण तेवढ्यात तिला तीन गोष्टी कळल्या: अंदाजाने कोड टाकायचा नाही, विचारायचं कोणाला, आणि उत्तर लेखी का घ्यायचं. यातली एकही तिला घरी बसून कळली नसती, कारण आपल्याला काहीतरी विचारायला हवं हेच तिच्या लक्षात आलं नसतं. चॅटवर तुम्ही फक्त तोच प्रश्न विचारता जो तुम्हाला पडलेला असतो.

आणि इथे चूक फुकट जात नाही. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील, वेळेत भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये आकार लागतो. कंटेनर अडकल्याचं भाडं वेगळं. म्हणून चांगल्या फर्ममध्ये नवख्या माणसाला एकटं सोडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, कस्टम्सचं तर आता सगळं ऑनलाइन झालंय, मग बॅलार्ड इस्टेटला जायचं कशाला? बरोबर आहे. बिल आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर भरलं जातं, कागदपत्रं ई-संचितवर चढतात, आणि २०२० च्या ऑक्टोबरअखेरीपासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे, म्हणजे न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाचं बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. म्हणूनच तर मला दोन दिवस घरून काम करता येतं. पण ते मला आत्ता करता येतं. कुठल्या बिलावर क्वेरी, म्हणजे अधिकाऱ्याची शंका, येणार हे चेकलिस्ट बघूनच कळतं, आणि ही नजर मला त्या टेबलांच्या मधोमध बसून, दुसऱ्यांचे फोन कानावर पडत पडत आली.

माझं एकटीचं म्हणणं नको असेल तर एक अभ्यास सांगते. अ‍ॅटकिन, शोअर आणि शिंदे या अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत डेटा एन्ट्री करणाऱ्या लोकांवर केलेला, २०२३ साली आलेला. कोणी घरून काम करायचं आणि कोणी ऑफिसात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. घरून करणाऱ्यांचं काम १८ टक्के कमी भरलं. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून दिसत होता; उरलेला हळूहळू वाढला, कारण ऑफिसातले लोक लवकर शिकत गेले. मला जास्त लागलं ते पुढचं: ज्यांना मुळात घरूनच काम हवं होतं, त्यांचंच काम घरी जास्त घसरलं.

मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. घरून काम हवं असतं ते बहुतेक वेळा घरात दुसरंही काम असतं म्हणून. आपल्याकडे तेवीस वर्षांची मुलगी लॅपटॉप उघडून बसली की ती ‘घरीच’ असते. सिलिंडरवाला आला, घे. मावशी आली, चहा टाक. शेजारच्यांचं पार्सल ठेवून घे. हेडफोन लावलेला दिसत असतो, तरी आई खुणेने विचारते, कुकर बंद करू का? आईचा दोष नाही, घराची सवयच तशी असते. त्याच खोलीत भाऊ बसला तर त्याला दार लावून मिळतं, हे मी माझ्या सासर-माहेर दोन्हीकडे पाहिलंय. तुमच्याकडे वेगळी खोली आहे का, दिवसा वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही नसेल तर २२ हजारांतले काही तिथेच जाणार.

पैशाचं बोलायचं तर २२ आणि १७ मध्ये पाच हजारांचा फरक आहे असं धरू नका. घरच्या नोकरीचं पत्र नीट वाचा. त्यात ‘कन्सल्टंट’ असं लिहिलं असेल तर पगार म्हणून नाही, फी म्हणून पैसे येतील. टीडीएस कापला जाईल (तो रिटर्न भरून परत मिळेल, पण भरायला लागेल), पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजाही बहुधा नाही. दुसरीकडे १७ हजारांच्या पगारावर फर्म ईएसआयसीत (कामगारांची सरकारी विमा योजना) असेल तर तुमचे ०.७५ टक्के कापून घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते, कारण मर्यादा २१ हजारांची आहे. मात्र छोट्या क्लिअरिंग फर्म असतात तिथे वीस माणसंही नसतात, आणि वीसच्या खाली पीएफची सक्ती नसते. विचारा. विचारायला लाजू नका, या प्रश्नाने नोकरी जात नाही, आणि जात असेल तर जाऊ दे.

फर्मला आणखी एक विचारायचं: जी-कार्डचं काय? कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे अशा क्लिअरिंग फर्मकडे, परीक्षा न दिलेल्या माणसाला एच-कार्ड हे कस्टम्सचं ओळखपत्र मिळतं, कस्टम्सची परीक्षा पास झाली की जी-कार्ड. पदवीधराला जी-कार्डवर दोन वर्षांचा अनुभव झाला की, बाकीच्या अटी पुऱ्या करून, स्वतःच्या ब्रोकर लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. सगळ्यांनी लायसन्स काढावं असं नाही, मी काढलेलं नाही. पण जी-कार्ड हातात असलेल्या मुलीला या लायनीत कामाला तोटा पडत नाही. चॅट सपोर्टमधल्या दोन वर्षांना असं काही चिकटत नाही, आणि ते काम दिवसेंदिवस बॉटकडे चाललंय हे तुम्ही ग्राहक म्हणूनही पाहत असाल.

तर उद्या फोन करून विचारा की मागच्या वर्षी घेतलेल्या ट्रेनींपैकी किती जण अजून तिथे आहेत, आणि त्यांतल्या कुणाशी दहा मिनिटं बोलता येईल का. सरळ नंबर दिला तर बरं. टाळाटाळ झाली, किंवा तो ट्रेनी म्हणाला की वर्षभर कुरिअर, झेरॉक्स आणि डिलिव्हरी ऑर्डरच्या (शिपिंग कंपनीचं माल सोडायचं पत्र) मागे फिरणंच झालं, तर ती नोकरी सोडा. मग बिनधास्त घरची घ्या. चार तास गाडीत घालवून झेरॉक्स शिकायला कोणी जात नाही. घरात कुणाचं आजारपण असेल आणि दिवसा माणूस लागत असेल तरीही घरचीच घ्या. तिथे ट्रेनिंगचा हिशोब लावू नये.

बदली कुठे होऊ शकते तेही आत्ताच विचारा. बऱ्याच फर्मचं काम न्हावा शेव्याकडे सरकलंय. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, न्हावा शेव्याला स्टेशनही आहे, पण बदलापूर, ठाणे, नेरूळ आणि पुढे उरण लाइन हा रोजचा प्रवास बॅलार्ड इस्टेटपेक्षा फारच वाईट. तिकडे पाठवणार असतील तर वर लिहिलेलं माझं मत मी मागे घेते.

आणि बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सगळेच बिनधास्त सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, हे खरं. तुमच्या फर्मचं गणित वेगळं निघू शकतं. पण रक्कम आणि मुदत न वाचता सही करू नका. कोरा चेक आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र तर कोणालाच देऊ नका.

आईला काय सांगायचं? तिला एका सोमवारी सकाळी बरोबर घेऊन जा. रविवारी नको, मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही खरी कळत नाही. लेडीज डब्यातून सीएसएमटीपर्यंत, तिथून चालत ऑफिसच्या दारापर्यंत. ती कदाचित जास्तच घाबरेल, पण निदान जे आहे त्याला घाबरेल.

फर्मला होकार द्यायच्या आधी पगार वाढवून मागायचा मोह होईल. १७ चे १८ झाले तर चांगलंच. पण माझा सल्ला, हजार रुपयांऐवजी वेळ मागा: साडेनऊऐवजी साडेदहा ते साडेसहा. बंदराचा बराच पत्रव्यवहार दुपारनंतर जोर धरतो, त्यामुळे त्यांचं फारसं अडत नाही, आणि तुम्हाला सकाळची एक गाडी सोडून पुढची पकडता येते.