‘कळलावी’तली कळ कोणती?

प्रश्न असा आला आहे : देवगडकडे श्रावणात गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढणाऱ्या त्या लाल-पिवळ्या फुलांबद्दल आजी म्हणायची, “घरात हाडू (आणू) नको, भांडणां लागतली.” मग कळलावी म्हणजे भांडण लावणारीच ना?

बरीच वर्षं मीही अशा प्रश्नाला ठाम ‘नाही’ म्हणायचो. ही कळ बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती, तळपायांना या झाडाचा कंद उगाळून लावायचा, कळा सुरू होतात, असा जुना समज. संस्कृतात हिला ‘गर्भनुत्’ (गर्भ बाहेर ढकलणारी) आणि ‘विशल्या’ (आत रुतलेलं शल्य काढणारी) म्हणतात ते यामुळेच. भांडणाचं म्हणजे नावावरून मागाहून रचलेलं, असं मला वाटे.

पण निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या संस्कृत कोशांत, हिचं आणखी एक नाव आहे, ‘कलिकारी’. कलि म्हणजे कलह. आपल्या ‘कळीचा नारद’मधली कळ तीच. म्हणजे भांडणाचा अर्थ आजीने काढलेला नाही, तो संस्कृतातही आहे. मला माझं उत्तर बदलावं लागलं.

गंमत क्रियापदात आहे. बाईला कळा ‘लागतात’, घरात भांडण ‘लागतं’. ‘लागणे’चं प्रयोजक रूप ‘लावणे’. ‘कळलावी’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच चपखल बसतो, म्हणूनच तो टिकला असावा. दोहोंतला आधीचा कुठला, यावर पैज लावायची झाली तर मी बाळंतकळांवर लावीन. औषधी झाडाला बहुधा कामावरून नाव पडतं.

‘लांगली’ आणि ‘हलिनी’ ही हिची संस्कृत नावं मात्र सरळ आहेत. लांगल म्हणजे नांगर (आपला ‘नांगर’ त्यातूनच आला), हल म्हणजेही नांगरच. कंद उपटून पाहिलात तर दुबेळका, नांगरासारखा वाकलेला दिसेल. ‘अग्निशिखा’चा अर्थ तर फूल पाहणाऱ्याला सांगावा लागत नाही.

आजीच्या ‘हाडू नको’ला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. या झाडात कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत भरपूर. कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब, आणि पुढे जीवही जातो. आयुर्वेदातही ही उपविषांत (सौम्य विषांत) मोजतात, गोमूत्रात शोधन (शुद्धी) केल्याशिवाय वापरत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यानंतर करांदे-कणगी असे खायचे कंद खणायची सवय. वेल सुकून गेली की जमिनीखालचा कंद कुणाचा, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही.