एसआरवायचा बॅण्ड आला, तरी उंदीर मादी?

प्रश्न: आमच्या लॅबच्या कॉलनीत एक पिलू बघून सरळ मादी वाटलं, दहाव्या दिवशी स्तनाग्रंही दिसली, पण शेपटीच्या टोकावरून पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची चाचणी) केली तर एसआरवायचा, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या नर ठरवणाऱ्या जीनचा, बॅण्ड (जेलवरची पट्टी) आला. सर म्हणतात सॅम्पलची अदलाबदल झाली असणार, मला वाटतं वाय असूनही मादी होऊ शकते. कोण बरोबर? – एक एमएससी विद्यार्थी

उत्तर: होऊ शकते, पण आधी सरांचं ऐका. अशा केसमध्ये बहुतेक वेळा घोळ ट्यूबचा किंवा पिंजऱ्याचाच निघतो. त्याच पिलाचं नवीन सॅम्पल घ्या, डीएनएऐवजी पाणी घातलेली निगेटिव्ह कंट्रोल लावा, आणि नुसत्या एसआरवायवर विसंबू नका, केडीएम५सी (एक्सवरचा)-केडीएम५डी (वायवरचा) या जीनच्या जोडीचा प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारा छोटा डीएनए) लावा, त्यात एक्सचा आणि वायचा बॅण्ड वेगवेगळ्या लांबीचा येतो म्हणजे रिअ‍ॅक्शन चालली की नाही हेही तिथेच कळतं. स्तनाग्रांचं निरीक्षण मात्र चांगलं केलंत, नर उंदराला ती नसतातच, त्यामुळे ते पिलू बाहेरून मादी आहे यात शंका नको.

आता समजा दुसऱ्यांदाही वाय आला. मग खरी मजा. १९९१ मध्ये लंडनच्या टीमने एक्सएक्स (म्हणजे एरवी मादी होणाऱ्या) भ्रूणात एसआरवाय असलेला साधारण १४ हजार बेसचा तुकडा घातला आणि नर उंदीर मिळाला, वृषणं लहान, शुक्राणू नाहीत, पण वागायला पक्का नर. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलं की एसआरवाय आहे म्हणजे नर. पण जीन नुसता असून भागत नाही, तो वेळेवर चालू व्हावा लागतो. उंदराच्या भ्रूणात तो साधारण साडेदहाव्या दिवशी सुरू होतो, साडेअकराव्याला जोरात असतो आणि साडेबाराव्यापर्यंत जवळपास गप्प. २००९ च्या एका प्रयोगात उष्णता देऊन चालू करता येणारा एसआरवाय एक्सएक्स भ्रूणात घातला होता, तर अकराव्या दिवसानंतरच्या जेमतेम सहा तासांत तो चालू केला तरच वृषण नीट बनलं. गाडी चुकली की चुकली, गोनॅड (वृषण किंवा ओव्हरी बनणारा अवयव) ओव्हरीच्या रुळावर निघून जातो, कारण एसआरवाय ज्याला चालू करतो त्या वृषण घडवणाऱ्या सॉक्स९ जीनला वेळेत पुरेसा धक्काच मिळालेला नसतो.

म्हणून तुमच्या कॉलनीत उंदरांचा कुठला स्ट्रेन (वाण) आहे हे लिहायला हवं होतं. सी५७बीएल/६ या लॅबमधल्या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये काही डोमेस्टिकस उपजातीच्या उंदरांचा वाय क्रॉस करून आणला की एक्सवाय पिलांपैकी काहींना ओव्हरी आणि काहींना अर्धं ओव्हरी-अर्धं वृषण असं ओव्होटेस्टिस होतं, हे जॅक्सन लॅबच्या इव्हा आयकर यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं. वाय धडधाकट, फक्त या घरात त्याचं वेळापत्रक जमत नाही. किंवा जीन एडिटिंग चालू असेल तर तेही बघा, डीएनएवर सॉक्स९च्या बराच आधी एन्हान्सर १३ नावाचा ५५७ बेसचा, त्या जीनला चालना देणारा तुकडा आहे, तो दोन्ही प्रतींतून काढला की एक्सवाय उंदीर मादी होतो (२०१८). एसआरवायला हातसुद्धा लावलेला नसतो! शिवाय एसआरवायमध्येच म्युटेशन असेल तरी पीसीआरचा बॅण्ड येतोच, त्यामुळे सिक्वेन्सिंग (जीनमधली अक्षरं वाचून बघणं) करून घ्या.

आणखी एक, हे २०२५ चं आहे. एसआरवायवरचं कुलूप काढणाऱ्या केडीएम३ए एन्झाइमला लोह लागतं. गाभण मादीत लोहाची तीव्र कमतरता केली तर काही एक्सवाय पिलांना ओव्हरी झाली. नेहमीचं खाद्य खाणाऱ्या कॉलनीत याची शक्यता नगण्य, पण भारी गोष्ट आहे.

प्रश्न: एकदा ओव्हरी झाली की ती आयुष्यभर ओव्हरीच ना?

उत्तर: तसंच वाटायचं सगळ्यांना. २००९ मध्ये प्रौढ मादी उंदरांच्या ओव्हरीतला फॉक्सएल२ जीन बंद केला तर तिथल्या ग्रॅन्युलोसा पेशी (अंड्याभोवतीच्या आधारपेशी) सर्टोलीसारख्या (वृषणातल्या आधारपेशींसारख्या) झाल्या आणि टेस्टोस्टेरॉन नराच्या पातळीला गेलं. २०११ मध्ये याच्या उलटं, नरात वृषणातला डीएमआरटी१ जीन काढला तर सर्टोली पेशी ग्रॅन्युलोसासारख्या होऊ लागल्या. शुक्राणू किंवा अंडी मात्र त्यातून तयार झाली नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंना रोज कुणीतरी समोरच्याला दाबून ठेवत असतं, आणि त्यासाठी वाय असण्या-नसण्याचा तेव्हा फारसा संबंध उरत नाही.