तोबा सरोवर : तुमचे प्रश्न

प्रश्न : वडील तरुणपणी मालवाहू जहाजावर होते. जहाज इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या बेलावान बंदरात लागलं असताना ते तोबा सरोवर पाहून आले होते. आता चौऱ्याहत्तरीत पुन्हा जायचं म्हणतात. गुडघे दुखतात, आणि आम्ही शाकाहारी. जमेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जमेल. फक्त बेलावानजवळच्या मेदान शहरातून सकाळी जाऊन रात्री परत, असा बेत करू नका. मेदान ते सरोवरकाठचं परापात हा रस्ता चार-पाच तासांचा आहे. सगळा दिवस गाडीतच जाईल. मुंबईहून क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे मेदानच्या क्वालानामू विमानतळावर उतरा. तिकीट सलग एकच काढा, नाहीतर मधल्या मुक्कामी बॅगा घेऊन पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहावं लागतं. पहिली रात्र मेदानला झोपा. दुसऱ्या दिवशी परापातच्या तिगाराजा धक्क्यावरून बोटीने सरोवरातल्या सामोसिर बेटावरच्या तुकतुकला जा आणि तिथे निदान तीन रात्री राहा.

गुडघ्यांचा प्रश्न बोटीत चढता-उतरताना येतो, कारण फळी अरुंद असते आणि हलते. तुकतुकच्या बऱ्याच हॉटेलांना स्वतःचा धक्का आहे. बोटवाल्याला हॉटेलचं नाव आधी सांगितलं की तो तिथेच उतरवतो. खोली तळमजल्याचीच मागा, कारण तिथली बरीच हॉटेलं उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलेली आहेत. बोट खच्चून भरली असेल तर सरळ सोडून द्या. जून २०१८मध्ये याच सरोवरात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेली बोट खराब हवेत बुडाली आणि दीडशेहून अधिक लोक बेपत्ता झाले.

सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. संध्याकाळी स्वेटर लागतोच. जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडा असतो.

जेवणात ‘गाडो-गाडो’ ही भाज्यांची कोशिंबीर बघून निर्धास्त होऊ नका. त्याच्या शेंगदाण्याच्या चटणीत कोळंबीचा लगदा, म्हणजे ‘तेरासी’, असू शकतो. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं सांगा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि भात सहज मिळतो.

वडिलांकडे तेव्हाचे फोटो असतील तर बरोबर न्या. इमारती, धक्के यांवरून जागा जुळवायला जाल तर फसाल, ते सगळं बदललंय. मागच्या डोंगराची कड बघा आणि ती जुळेपर्यंत काठाने डावी-उजवीकडे सरका.

प्रश्न : तोबा सरोवर ज्याच्या विवरात आहे त्या ज्वालामुखीची राख महाराष्ट्रात सापडते हे खरं का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : खरं, आणि तुमच्याच तालुक्यात. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला राखेचा थर आहे, तोब्यापासून तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर. वाद आहे तो वयाचा. तोब्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा; बोरीची राख त्याचीच की आधीच्या, फार जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. थर उकरून नमुने मात्र नेऊ नका. राख कुठल्या थराखाली होती हे एकदा विस्कटलं की तो पुरावा गेला.

प्रश्न : सामोसिरला ‘आर्सिक’ नावाचा माशाचा पदार्थ खाल्ला आणि आजीच्या बांगड्याच्या तिरफळातल्या कालवणाचीच आठवण झाली. हा भास का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : जिभेने बरोबर ओळखलंय. आर्सिकमधलं ‘आंदालिमान’ हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, दोघंही झँथॉक्सिलम या एकाच वनस्पती-गटातले. जिभेला मुंग्या दोघांमुळेही येतात. आंदालिमानला लिंबासारखा वास जास्त. ते तिथे ताजं, हिरवं वापरतात आणि दोन-तीन दिवसांत काळं पडून त्याचा वास जातो. म्हणून ते इकडे आणायच्या भानगडीत पडू नका, शिवाय कागदपत्रांशिवाय ताजी फळं आणायला परवानगी नाही.

घरी करायचं तर अर्धा किलो माशाला वाळलेली आठ-दहा तिरफळं घ्या. आतली काळी बी काढून टाका, कडूपणा तिचाच. टरफलं किंचित ठेचून पाण्यात भिजवा आणि मासा शिजत आला की पाण्यासकट घाला. वाटणात वाटलीत तर कालवण कडवट होतं. आर्सिकमध्ये हळद, आलं, गवती चहा असतो आणि रस जवळजवळ आटवतात, खोबरं नसतं. आंबटपणाला कोकम चालेल.