रेल्समध्ये ‘कविता’चे ‘कवितम’ का होते?

नमस्कार. कवितासंग्रहाचे छोटे ॲप करण्यासाठी तुम्ही रेल्सच्या (रुबी भाषेत वेब ॲप बनवण्याच्या चौकटीच्या) जनरेट कमांडला ‘कविता’ हे नाव रोमन अक्षरांत देऊन स्कॅफोल्ड, म्हणजे नोंदी पाहण्या-बदलण्याच्या पानांचा सांगाडा, तयार केले. तेव्हा डेटाबेसमधले टेबल आणि कंट्रोलर (ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा भाग) ‘कविता’ नावाचे झाले, मॉडेलची (टेबलातल्या एका नोंदीचे काम पाहणाऱ्या भागाची) फाइल मात्र ‘कवितम’ अशी निघाली. शिवाय सर्व्हर चालू असूनही फोनवरून पान उघडत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून आधी नावाचे पाहू.

जनरेटर तुम्ही दिलेल्या एका नावावरून बाकीची सगळी नावे व्याकरणाच्या नियमांनी काढतो. मॉडेल एकवचनी असते, तर टेबल, कंट्रोलर आणि राउट (पानांचे पत्ते) अनेकवचनी असतात. हे नियम इंग्रजीचे आहेत आणि त्यांत लॅटिनमधून आलेल्या शब्दांचीही सोय आहे. ‘डेटा’चे एकवचन ‘डेटम’ आणि ‘मीडिया’चे ‘मीडियम’ होते, म्हणून रोमन लिपीत ‘टीए’ किंवा ‘आयए’ने संपणारा प्रत्येक शब्द रेल्सला अनेकवचन वाटतो. त्या हिशेबाने ‘कविता’चे एकवचन ‘कवितम’ झाले. ‘पत्ता’ आणि ‘श्रोता’ यांचीही हीच गत होईल. ‘दिवस’ नावाचे मॉडेल मागितलेत तर शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा समजून रेल्स तुमच्या हाती ‘दिवा’ ठेवेल! कमांड चालवताना याचा इशाराही छापला जातो, पण त्याखालून फाइलींची लांबलचक यादी सरकत जात असल्यामुळे तो बहुधा वाचला जात नाही.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सध्याचे काम गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करा आणि टेबलात खऱ्या कविता भरल्या असतील तर डेटाबेसच्या फाइलची प्रत काढून ठेवा, कारण पुढच्या पायरीत ते टेबल नाहीसे होणार आहे. मग डीबी-रोलबॅक कमांडने मायग्रेशन (डेटाबेसमध्ये टेबल तयार करणारा बदल) मागे घ्या. ही कमांड फक्त शेवटचे मायग्रेशन मागे घेते, त्यामुळे त्यानंतर आणखी मायग्रेशन चालवली असतील तर तितक्या पायऱ्या सांगाव्या लागतील. त्यानंतर जनरेटरने केलेल्या फाइली पुसणारी डिस्ट्रॉय स्कॅफोल्ड कमांड त्याच जुन्या नावाने द्या. डिस्ट्रॉय आधी आणि रोलबॅक नंतर, असे केल्यास मायग्रेशनची फाइलच पुसली जाते आणि टेबल डेटाबेसमध्ये अनाथ उरते. ‘कविता’साठीचा नवा व्याकरणनियमही (तो कसा, ते पुढे सांगतो) डिस्ट्रॉयनंतरच लिहावा, कारण काय पुसायचे हेसुद्धा रेल्स त्याच नियमांवरून ठरवते आणि नियम आधी बदलला तर ‘कवितम’च्या फाइली त्याला सापडणार नाहीत.

नियम लिहायची जागा म्हणजे कॉन्फिग फोल्डरातल्या इनिशियलायझर्समधली इन्फ्लेक्शन्स ही फाइल. तिथे इर्रेग्युलर हा प्रकार वापरून ‘कविता’ हे एकवचन आणि पुढे ‘एस’ लावलेले रूप हे अनेकवचन, अशी जोडी द्या. अनकाउंटेबल हा प्रकार दिसायला सोपा असला तरी त्यात एकवचन आणि अनेकवचन एकच झाल्यामुळे यादीच्या राउटच्या नावाला वेगळे ‘इंडेक्स’ शेपूट लागते. दिलेले नाव तसेच ठेवायला सांगणारा जनरेट कमांडचा फोर्स-प्लुरल हा पर्याय मी वापरणार नाही. त्याने मॉडेलचे नाव तेवढे वाचते, पण पुढे कवीच्या मॉडेलमध्ये हॅज-मेनी (एका कवीच्या अनेक कविता) असा संबंध लिहिलात की रेल्स पुन्हा ‘कवितम’ शोधू लागते. नियम लिहिल्यावर जनरेट कमांड प्रथम प्रिटेंड पर्यायासह चालवा. त्यात एकही फाइल तयार होत नाही, फक्त कोणत्या फाइली होतील ते दिसते. नावे मनासारखी असली तरच खरी कमांड आणि मायग्रेशन चालवा, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा, कारण इनिशियलायझर सुरुवातीलाच वाचले जातात.

मी स्वतः मॉडेलची नावे इंग्रजीत ठेवतो आणि वाचकाला दिसणारे मराठी शब्द लोकेलच्या (भाषेनुसार शब्दांच्या) फाइलीत लिहितो. ‘कविता’ला ‘एस’ लावलेला पत्ता ब्राउझरमध्ये पाहणे मला तरी सोसत नाही.

आता फोनचे. डेव्हलपमेंटमध्ये (ॲप बनवत असताना) सर्व्हर मुळात फक्त त्याच संगणकावरच्या ब्राउझरला, ३००० या पोर्टवर, उत्तर देतो. सर्व्हर कमांडला ‘बी’ हा पर्याय आणि ०.०.०.० हा पत्ता (म्हणजे बाहेरच्या यंत्रांनाही उत्तर दे) देऊन तो सुरू करा, आणि फोन त्याच वायफायवर असताना संगणकाचा आयपी पत्ता व पुढे पोर्ट असे टाइप करा. तरीही उघडले नाही तर संगणकाची फायरवॉल तपासा. एक मात्र ध्यानात असू द्या: स्कॅफोल्डच्या पानांना लॉगिन नसते, त्यामुळे त्या वायफायवरचा कोणीही तुमच्या कविता बदलू किंवा पुसू शकेल. रेल्स ८ वापरत असाल तर ऑथेंटिकेशनचा (लॉगिनचा) जनरेटर सोबतच येतो. ॲप इतरांसाठी खुले करण्याआधी तो चालवून घ्या.