पुस्तकातला बिबट्या आणि आपल्या फडातला

परिसर अभ्यासात ‘सजीव-निर्जीव’ आणि ‘प्राण्यांची घरं’ हे धडे सुरू झाले की सातारा-सांगलीतले पालक तेच ते प्रश्न विचारू लागतात. त्यातले काही इथे घेतो.

मटकीचा कोरडा दाणा सजीव की निर्जीव? (मिरज)

सजीव. रात्री भिजत घाला आणि मोड मुलालाच मोजू द्या.

मुलगा म्हणतो, नदी वाहते म्हणजे ती जिवंत. काय सांगू? (भिलवडी)

पाणी निर्जीव, त्यातलं शेवाळ, मासे, मगर सजीव. सगळं मिळून कृष्णेची परिसंस्था. हे पुलावरून दाखवा, पाण्यात उतरून नको.

दुकानातून नाण्याएवढं कासव आणलं. दुकानदार म्हणाला, ‘एवढंच राहतं.’ आता ते ताटलीएवढं झालंय. मुलांच्या हस्ते नदीत सोडू का? (विटा)

अजिबात नको. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते अमेरिकेतलं कासव. ‘एवढंच राहतं’ ही माल खपवण्यासाठी मारलेली थाप आहे. मादी जवळजवळ फूटभर वाढते आणि ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात. नदीत सोडलं तर आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. पाठीवर चांदण्या असतील तर ते देशी कासव, आणि ते पाळणं हा गुन्हा आहे. दोन्ही बाबतींत आधी वन विभागाला विचारा. तोवर टाकीत हात घातला की मुलांना साबणाने हात धुवायला लावा. कासवांच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात.

ऊसतोडीत बिबट्याची तीन पिल्लं दिसली. मुलीच्या पुस्तकात बिबट्या जंगलात राहतो. पुस्तक चुकलं का? आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हे खरं का? (कराड तालुका)

पुस्तक अपुरं आहे. खायला, प्यायला, लपायला आणि पिल्लं वाढवायला जिथे मिळतं तो प्राण्याचा अधिवास. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, बांधावर घुशी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. मादीला आणखी काय हवं? कितीतरी बिबटे उसातच जन्मतात. चांदोलीचं जंगल त्यांनी पाहिलेलंही नसतं. मग कोयता चालू होतो आणि हे घर दोन-चार दिवसांत भुईसपाट होतं.

हात लागला की आई टाकते, ही ऐकीव गोष्ट आहे, आणि तिने फार नुकसान केलंय. ‘आता पोरकीच झाली’ म्हणून लोक पिल्लं घरी आणतात, गाईचं दूध पाजतात, मांडीवर घेऊन फोटो काढतात. यात दिवस जातो. वन विभागाची माणसं पिल्लं त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुतेक वेळा आई अंधार पडल्यावर येऊन एकेक उचलून नेते. पण त्यासाठी पिल्लं वेळेत जागेवर पोचायला हवीत. म्हणून पिल्लं दिसताक्षणी तोड थांबवा, माणसं मागे घ्या, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिल्लांना हात लावू नका; आई जवळच दबून असू शकते आणि गर्दी झाली तर अंगावर येऊ शकते. मुलीला फडावर नेऊ नका. घरी कागदावर फड काढायला सांगा: पाट, ऊस, घूस, कुत्रं, बिबट्या, आणि कोण कोणाला खातं त्याचे बाण.

पहिलीतल्या मुलाला कास पठार दाखवावं का? (सातारा)

जरूर, सप्टेंबरच्या आसपास. नुसता फुलांचा गालिचा लांबून दाखवून परतू नका. पाणी झिरपणाऱ्या ओल्या जागी दवबिंदूचं रोप शोधा. पानावरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकलेली दिसतील. कातळावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून ते किडे पचवतं. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही. फुलोरा आणि प्रवेशाची चौकशी करूनच निघा.

सासूबाई नातवाला सांगतात, नाग दूध पितो. (शिराळा)

पित नाही. उंदीर, बेडूक, इतर साप हे त्याचं अन्न. चावला तर मंत्र, ब्लेड, उतारा यांत एक मिनिटही घालवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळतं, ते आरोग्य केंद्रात आजच विचारून ठेवा.