घरी इलेक्ट्रिक गिटारची बॉडी करायची आहे. वखारीत सागवान सहज मिळतंय, ते घेऊ का? की दुसरं कुठलं लाकूड?

सागवान चालेल, पण जड होईल. पावणेदोन इंच जाडीची नेहमीच्या आकाराची बॉडी सागात जवळपास तीन किलोची होते. वर नेक (गिटारची मान) आणि हार्डवेअर, म्हणजे धातूचे सुटे भाग, आलेच. तासभर उभं राहून वाजवाल तेव्हा खांदा सांगेल. मी तुमच्या जागी असतो तर शिवण किंवा तून शोधली असती. दोन्ही हलकी, रंध्याखाली मऊ आणि सहसा न वाकणारी. महोगनी मिळाली तर उत्तमच.

लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबकी भाग, तारांची हालचाल पकडतो, तेव्हा आवाजाचा मोठा भाग पिकअप, तारा आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) ठरवतात. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसोबत घरी गिटार करायला घेतली, तिच्या बॉडीत ओक आणि चक्क ब्लॉकबोर्ड आहे!

खरी काळजी घ्या ती लाकूड वाळलेलं असण्याची. फळी आणलीत की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, पेन्सिलीने वजन फळीवरच लिहा, दर रविवारी पुन्हा तोला. तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, की मगच करवत लावा. पावसाळ्यात तर घाई नकोच.

रुंद फळी मिळाली नाही तर दोन तुकडे जोडा, काही बिघडत नाही. फक्त सागाला तेल असतं, म्हणून डिंक लावायच्या आधी जोडाची कड ॲसिटोनने पुसून घ्या.